हयातीचा दाखला

नोव्हेंबर म्हणजे आमच्या खडकी शाखेत
जिवंत माणसांचा महिना.
सव्वानऊपासून शटरबाहेर रांग,
कानटोप्या, प्लास्टिकच्या पिशवीत पासबुक,
आणि प्रत्येकाला सिद्ध करायचं असतं
की आपण अजून आहोत.

टोकन त्रेचाळीस.
नाव वाचलं आणि चष्मा काढून पुसला:
कोंढरे निवृत्ती गेनू,
दारूगोळा कारखाना. हुद्दा, फिटर.

फिटर!
माझ्या वहीत तुम्ही फिटर नव्हता हो.
चौथीच्या गणिताच्या वहीला मागून
भाताच्या शितांनी डकवला होता तुमचा फोटो,
पेपरातला, इतका धुरकट
की आई विचारायची, हा माणूस आहे की डाग?

मे महिना, सोमवार पेठेतलं मैदान.
बांबूंना बांधलेले दिवे, दिव्यांना पाखरं,
पाणी मारलेल्या मातीचा गार वास,
आणि बाबांच्या खांद्यावर मी.
शेवटचं मिनिट. त्यांचा शेवटचा गडी
खांबाला वळसा घालून निसटणार, निसटलाच,
आणि तुम्ही आडवे, हवेत,
एक हात खांबाला,
दुसरा त्याच्या टाचेला.
मग नुसती धूळ. धुळीतून शिट्टी.

दुसऱ्या दिवशी आमच्या बोळात
मी विजेच्या खांबावर सूर मारला.
पुढचा अर्धा दात तिथंच राहिला.
लग्नाच्या वेळी सगळे म्हणाले, टोपी बसवून घे.
मी म्हटलं, राहू दे. कारण सांगितलं नाही.

"अंगठा ठेवा, काका."
यंत्र लाल.
पुसून ठेवा. लाल.
दुसरा अंगठा, तर्जनी, मधलं बोट. लाल, लाल, लाल.
"रेषाच नाहीत तुमच्या बोटांना."
"मातीत गेल्या," ते म्हणाले,
"उरल्यासुरल्या कानशीनं खाल्ल्या."
मागून कुणीतरी:
"अहो, आमचा दाखला आम्ही असेतो मिळेल का?"

तेव्हा मी सांगून टाकलं.
दिवे, पाखरं, टाच, सगळं एका दमात,
काचेतल्या त्या अर्धगोल भोकातून.
ओठ वर करून दातही दाखवला,
बावन्न वर्षांची बाई मी, भर कामाच्या वेळेत.

ते बराच वेळ दाताकडे बघत राहिले,
दवाखान्यात बघतात तसं.
"ताई, तो साळुंके होता.
चार नंबरचा. सूर त्याचा.
मी त्याला खो दिला आणि त्याच्या जागी बसलो.
मला धड दिसलंसुद्धा नाही, धूळ दिसली.
पेपरवाल्यांनी नाव माझं छापलं,
कप्तान होतो ना.
तुम्हाला चांगलं दिसलं, खांद्यावरून."

"कुठं असतात ते आता?"

"तीन वर्षं झाली," ते म्हणाले,
"दाखल्याला येत नाही तो."

मग वहीतला तो डाग कोणाचा,
हे तोंडापर्यंत आलं. गिळलं.
चाळीस वर्षं एका माणसाला
दुसऱ्याच्या अंगानं उडवत होते मी,
आणि तो इथंच, कारखान्याच्या भोंग्यावर
डबा घेऊन जात-येत होता.
रागावावं तर कोणावर?
"पण खो तुमचाच ना?" मी विचारलं.
"खो माझा," ते म्हणाले. "जरा उशिराच दिला."

डाव्या हाताची करंगळी.
हिरवं.
त्यांनी ती दिव्यासमोर धरून पाहिली:
"हिनं जन्मात काही केलं नाही बघा."
पावती घडी घालून वरच्या खिशात,
पिशवीला गाठ, कानटोपी.
खुर्च्या वेड्यावाकड्या, कुणाचं तोंड इकडे, कुणाचं तिकडे,
पसरलेले पाय, काठ्या, छत्र्या.
त्या सगळ्यांतून ते दारापर्यंत गेले
एकालाही न शिवता.

"चव्वेचाळीस!"
आवाज गरजेपेक्षा मोठाच लागला माझा.
पहिल्या रांगेतल्या एक आजी दचकून उठल्या
आणि धावल्यासारख्या खिडकीकडे आल्या.